स्वतःविषयीची साक्ष

मराठी आत्मचरित्राच्या इतिहासाची सुरुवात कोठून करावयाची, हा प्रश्न एम. ए.च्या वर्गात जवळजवळ दर वर्षी निघतो. क्रमिक टिपणांतील उत्तर ठरलेले असते : बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’, १८८८. मग एखादा वाचणारा विद्यार्थी नाना फडणिसांच्या आत्मवृत्ताची आठवण करून देतो, एखादी विद्यार्थिनी संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनपर अभंग पुढे करते, आणि चर्चा ‘पहिले कोण’ या निष्फळ वाटेने निघून जाते. आम्हांला स्वतःला या पहिलेपणात फारसे स्वारस्य उरलेले नाही. प्रश्न निराळा आहे. मनुष्य स्वतःविषयी काय मानतो, यावर तो स्वतःविषयी काय लिहू शकतो हे अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती श्रद्धेने हे ‘मानणे’ कोठे आणि कसे बदलले, आणि ज्यांनी ती श्रद्धा स्वीकारली त्यांनी तो बदल जसाच्या तसा पत्करला काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंतर्मुखता ही काही मिशनऱ्यांनी जहाजातून आणलेली वस्तू नव्हे. नानांनी पानिपतापर्यंतच्या आणि त्यापुढील थोड्या काळाच्या आपल्या हकिकतीत स्वतःच्या विषयवासनेची आणि मनाच्या दुर्बलतेची जी कबुली दिली आहे, ती वाचून आजही संकोच वाटावा इतकी ती उघडी आहे. तुकोबांनी आपल्या दुष्काळाची, दिवाळ्याची आणि लोकनिंदेची कहाणी सांगितली आहे. ‘मी पतित’ हे तर संतवाङ्मयातले नित्याचे बोलणे. इतकेच काय, पूजेच्या शेवटी स्वतःभोवती प्रदक्षिणा घालताना आपण पापी आहोत, पापातूनच जन्मलो आहोत, असे सांगणारा श्लोक घरोघर म्हटला जातो. परंतु या श्लोकातील ‘मी’ कोण? तो म्हणणाऱ्या प्रत्येकाचा आहे, म्हणून कोणा एकाचा नाही. तो म्हणणाऱ्याने अमुक वर्षी, अमुक गावी कोणते पाप केले, हे कोणी विचारीत नाही. विचारले तर तो अपमान होईल. पाप हा कर्माचा मळ आहे, प्रायश्चित्ताने, स्नानाने, यात्रेने तो धुतला जातो, आणि शिल्लक राहिलेला हिशेब पुढच्या जन्माच्या खात्यावर जातो.

बहिणाबाईंचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. सतराव्या शतकातील या कवयित्रीने आपला संसार, नवऱ्याचा जाच, वासराची हकिकत, तुकोबांचा स्वप्नातील अनुग्रह हे सारे सांगितले. आणि त्याचबरोबर आपल्या मागच्या बारा जन्मांचीही हकिकत सांगितली. त्यांच्या दृष्टीने हा जन्म तेरावा होता. जिचा ‘मी’ तेरा देहांतून वाहत आला आहे, तिला एकाच देहाच्या पाच-सहा दशकांवर ग्रंथाचा सगळा भार टाकण्याचे कारण नव्हते.

ख्रिस्ती श्रद्धेने नेमका हा भार टाकला. जन्म एकच, मरण एकच, आणि त्यानंतर न्याय. पण त्या एकाच जन्माच्या आत दुसरा जन्म शक्य आहे, किंबहुना आवश्यक आहे. ‘नवा जन्म’ ही मराठी ख्रिस्ती बोलीतील कळीची संज्ञा. तिला ‘पुनर्जन्म’ म्हणण्याची चूक करून चालणार नव्हते, कारण त्या शब्दावर येथे आधीच दुसऱ्याची मालकी होती. एकाच आयुष्याच्या मध्यावर रेघ मारून ‘त्यापूर्वीचा मी’ आणि ‘त्यानंतरचा मी’ असे दोन भाग पाडता येतात, ही कल्पना आत्मचरित्राला फार सोयीची आहे. कथानकच तयार मिळते. याचा मूळ नमुना अर्थातच संत ऑगस्टीन यांचा. मिलानमधील बागेतला ३८६ सालचा तो प्रसंग, पुढल्या वर्षीचा बाप्तिस्मा, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांनी लिहिलेली कबुलीची पुस्तके. देवाला उद्देशून, पण माणसांनी ऐकावे म्हणून केलेले ते निवेदन आहे.

मात्र ऑगस्टीनपासून थेट बेळगावला उडी मारता येत नाही. मधला दुवा आहे तो अठराव्या शतकातील इव्हँजेलिकल जागृतीचा. १८१३ मध्ये मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी आणि १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन हे त्या जागृतीच्या वातावरणात घडलेले लोक होते. अमेरिकन मिशनच्या मागे न्यू इंग्लंडची जी परंपरा होती, तिच्यात एके काळी मंडळीचा पूर्ण सभासद होण्यासाठी उमेदवाराने आपल्या अंतःकरणात देवाने काय केले, ते इतरांसमोर स्वतः सांगावे लागे. आईबाप ख्रिस्ती असणे पुरेसे नव्हते. या सांगण्याला मराठीत नाव मिळाले ‘साक्ष’. हा शब्द मुळात न्यायालयाचा. साक्ष तिसऱ्यापुढे द्यावयाची असते, तिला दिनांक लागतो, स्थळ लागते, आणि उलटतपासणीची तयारी लागते.

(गोव्याची गोष्ट वेगळी, हे येथेच नोंदवून ठेवतो. सोळाव्या शतकात साष्टी-बारदेशात कित्येक ठिकाणी अख्खी गावे बाटली. तेथे एकट्याची मनःपरिवर्तनकथा जवळजवळ नाही. तेथला नवा ‘मी’ घडला तो बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेल्या पोर्तुगीज नावा-आडनावातून, चर्चच्या नोंदवहीतून आणि पाद्रीच्या कानात केलेल्या पापनिवेदनातून. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा ते प्रत्येक श्रद्धावंताला सक्तीचे केले होते. तेथे कबुली कानात, येथे चारचौघांत. याउलट मुंबई-नगरकडील प्रॉटेस्टंटांनी बहुधा जुनीच नावे ठेवली. रमाबाईंना बाप्तिस्म्याच्या वेळी ‘मेरी रमा’ हे नाव मिळाले होते, पण त्या नावाने त्यांना महाराष्ट्रात कोणी ओळखले नाही.)

न्यायालयाचा उल्लेख आम्ही अलंकार म्हणून केलेला नाही. महाराष्ट्रात ‘माझी श्रद्धा माझी’ हे वाक्य प्रथम मोठ्याने उच्चारले गेले ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टात. १८३९ च्या मे महिन्यात विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. शहर खवळले. मुलाला फूस लावून डांबून ठेवले आहे, असा नातेवाइकांचा दावा होता. धनजीभाईला न्यायालयापुढे उभे करण्यात आले, आणि तो समजत्या वयाचा आहे असे मानून कोठे जायचे हे त्याच्यावर सोपवण्यात आले. तो मिशनरींकडे गेला. शाळेतून शेकडो मुले निघून गेली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपती त्याच्या मागे मिशनरींच्या घरी राहावयास गेला. श्रीपतीचे वय सुमारे बारा. या वेळी न्यायालयाने मुलाला बापाच्या हवाली केले.

दोन निकालांत विसंगती नाही. वयाचा फरक आहे. पण या दोन निकालांनी एक नवीच मोजपट्टी लोकांपुढे ठेवली. आजवर मनुष्याचा धर्म जन्माने, जातीने, ताटाने ठरत होता. आता एक न्यायाधीश विचारीत होता की, या व्यक्तीला स्वतःपुरता निर्णय घेण्याएवढी समज आहे काय? असली तर बाप, जात, पंचायत यांचे काही चालणार नाही. नसली तर मात्र त्याच्या साऱ्या बोलण्याला काडीची किंमत नाही. श्रीपतीची पुढची हकिकत याहून उद्बोधक आहे. त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता, परंतु मिशनरींच्या घरी तो जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे असा आग्रह धरला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. म्हणजे कोर्टापुढे प्रश्न होता समजेचा, आणि धर्मसभेपुढे प्रश्न होता अन्नाचा. एकाच मुलाविषयी ‘तू कोण’ या प्रश्नाची दोन उत्तरे दोन वेगळ्या ठिकाणी शोधली जात होती, आणि मुलगा दोहोंच्या मध्ये उभा होता.

पुढे कायद्यांनी हा नवा ‘मी’ अधिक पक्का केला. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून वारसाहक्क जाणार नाही असे ठरले. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरामुळे सोडून गेलेल्या पतीपासून वा पत्नीपासून विवाहमुक्ती मागण्याची सोय झाली. त्यात न्यायाधीशाने त्या जोडीदाराला प्रत्यक्ष विचारावयाचे आणि मग वर्षभर वाट पाहावयाची अशी तरतूद होती. घरी मागे राहिलेल्या, अक्षरओळख नसलेल्या एखाद्या बाईला आयुष्यात प्रथमच कोणी अधिकारी पुरुष विचारणार होता, की तुझी स्वतःची इच्छा काय? उत्तर बहुधा तिच्या माहेरच्यांनी पढवलेले असणार, हे आम्हांला कळते. तरी प्रश्न विचारला गेला, ही गोष्ट उरतेच.

बाबा पदमनजी या वातावरणात वाढले. १८३१ मध्ये बेळगावात कासार कुटुंबात जन्म, तेथल्या मिशन शाळेत आणि पुढे मुंबईत विल्सन यांच्या संस्थेत शिक्षण, आणि १८५४ मध्ये पुन्हा बेळगावात बाप्तिस्मा. मध्यंतरी ते परमहंस सभेत होते. या सभेची आठवण येथे अगत्याने केली पाहिजे, कारण तिच्याशी तोलून पाहिल्याखेरीज पदमनजींनी काय केले ते कळत नाही. परमहंस सभेच्या सभासदांना जातिभेद मान्य नव्हता. ते एकत्र जमत, जातीबाहेरच्या हातचा पाव खात, एकेश्वराची प्रार्थना करीत, आणि मग घरी जाऊन सोवळे नेसत. सगळे गुप्त. १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटल्यावर सभा मोडली. ती माणसे भित्री होती असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः मनात एक आणि जनात एक असणे हा त्यांच्या दृष्टीने ढोंगीपणा नव्हताच. आचार हा समाजाचा आणि विचार आपला, अशी ती जुनी वाटणी होती. साक्षीच्या धर्माने ही वाटणीच अमान्य केली. जे मनात आहे ते तोंडाने बोलावयाचे, बोललेले अंगावर घ्यावयाचे. न केल्यास त्याला ‘पाप’ म्हणावयाचे. पदमनजी परमहंसांतून निघून मिशनमध्ये गेले, यातला महत्त्वाचा प्रवास मतांचा कमी आणि गुप्ततेपासून प्रकटतेपर्यंतचा अधिक आहे, असे आमचे मत आहे.

त्यांच्या पुस्तकाचे पूर्ण शीर्षक ‘अरुणोदय : बाबा पदमनजी यांचे स्वलिखित चरित्र’. ‘आत्मचरित्र’ हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता, आणि त्या अडचणीतून आलेला ‘स्वलिखित चरित्र’ हा प्रयोग मोठा मार्मिक आहे : चरित्र असे एकाचे, लिहिणारा तोच, पण जणू दोघे निराळे. नव्याने जन्मलेल्याने जुन्याचे चरित्र लिहावे, असाच तो प्रकार. शीर्षकच सांगते की आधी रात्र होती. परंतु गंमत अशी की, वाचकाच्या लक्षात राहते ती ही रात्र. बालपणीची व्रते, देवदेवता, पूजेतील बारकावे, सण, भुताखेतांच्या समजुती यांचे जे तपशील पदमनजी देतात, ते खंडनासाठी दिलेले असले तरी त्यांत एक रस आहे. ज्याला आपण अंधार ठरवले, तो त्यांना अतिशय स्पष्ट दिसतो आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी या पानांचा उपयोग करावा तेवढा थोडाच. आम्हांला मात्र त्यांत साच्याला गेलेला तडा दिसतो. दोन भागांत कापलेला ‘मी’ पुरता कापला गेलेला नाही.

या संदर्भात एक उपरोध नजरेआड होऊ नये. महाराष्ट्रातल्या गाजलेल्या धर्मांतरितांपैकी पुष्कळ ब्राह्मण होते. म्हणजे आधीचेच द्विज. मुंजीत त्यांचा दुसरा जन्म होऊन गेलेला होता. तो जन्म फक्त वरच्या तीन वर्णांच्या पुरुषांना मिळत असे. नवा जन्म कोणालाही मिळणार होता : स्त्रीला, मांगाला, महाराला. ब्राह्मण धर्मांतरिताला या ‘कोणालाही’चा अर्थ बाप्तिस्म्याच्या दिवशी कळत नसे, मंडळीत शेजारी कोण बसले आहे हे पाहिल्यावर तो हळूहळू कळे.

पंडिता रमाबाईंना तो अर्थ निराळ्या बाजूने कळला. धर्मशास्त्राच्या वाचनातून त्यांच्या हाती आले होते ते हे की, स्त्रीला स्त्री म्हणून मोक्ष नाही. पुण्य साठवून पुढल्या जन्मी पुरुष व्हावे, मग पाहावे. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर लंडनमधील फुलम येथे वाँटेजच्या भगिनींनी ‘पतित’ स्त्रियांसाठी चालवलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले आणि ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा ऐकली. याच देहात, याच जन्मात, पुरुष न होता, असा तो दिलासा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला. त्याची हकिकत सर्वांना ठाऊक आहे, ती आम्ही पुन्हा उगाळीत नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते बाप्तिस्म्यानंतरचे. सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो आमच्या मते मराठी स्त्रीच्या वैचारिक इतिहासातला एक अव्वल दस्तऐवज आहे (मराठीत नाही, ही खंत). ज्या सिस्टरांनी त्यांना घडवले असे समजले जाते, त्यांच्याशीच रमाबाई वर्षानुवर्षे भांडतात. त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटल्याशिवाय घोकणार नाही, म्हणतात. क्रॉसवर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारतात. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांचा संताप शब्दाशब्दांतून जाणवतो. आणि मे १८८५ च्या पत्रात त्या सांगून टाकतात की, येथल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे जू चढवून घेण्यास आपण तयार नाही. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे.

हे युक्तिवाद हिंदू नाहीत आणि नुसते सुधारकीही नाहीत. ते अस्सल प्रॉटेस्टंट आहेत. व्यक्ती आणि देव यांच्यामध्ये कोणी नको, हे ज्यांनी शिकवले त्यांनाच रमाबाई ‘मग तुम्ही तरी मध्ये कशाला?’ असे विचारीत होत्या. जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला. अनेक मराठी चरित्रकारांना दृढनिश्चय दिसला. आम्हांला त्यात असे दिसते की, ख्रिस्ती श्रद्धेने दिलेली स्वतःविषयीची एक समजूत ख्रिस्ती संस्थेने दिलेल्या दुसऱ्या समजुतीशी लढत होती, आणि रमाबाई हे त्या लढाईचे क्षेत्र होते. संस्था म्हणत होती : तू नवजात आहेस, बालक आहेस, आज्ञा पाळ. श्रद्धा म्हणत होती : तुझा जाब तुलाच द्यावयाचा आहे.

रमाबाईंनी आपल्या आयुष्यावरची रेघही स्वतःच मारली. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या साक्षीत १८८३ हे वर्ष नव्या जन्माचे धरलेले नाही. तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या सांगतात. खरा पालट त्या सुमारे आठ वर्षांनंतरचा, १८९१ च्या सुमाराचा मानतात. चर्चच्या नोंदवहीतली तारीख त्यांनी बदलली. धर्मांतर हा घटनांचा क्रम नसून त्या घटना कोणी मोजाव्या याचा अधिकार आहे, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल असे वाटत नाही. शारदासदनाच्या १८९३ च्या वादळात रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले तेव्हा रमाबाईंचे म्हणणे याच सुरातले होते : मी कोणाला सक्ती करीत नाही, पण माझी श्रद्धा माझ्याच घरात लपवून ठेवणार नाही. परमहंसांची वाटणी त्यांनीही नाकारली. केसरीने त्याला विश्वासघात म्हटले. मुली अल्पवयीन होत्या आणि बाई त्यांच्या पालनकर्त्या होत्या, हे लक्षात घेता तो आक्षेप अगदीच पोकळ होता असे आम्ही म्हणणार नाही. श्रीपतीच्या खटल्यातला प्रश्नच तेथे नव्या वेषात आला होता.

याच जागी आमचे मन अडखळते ते केडगावच्या १९०५ च्या जागृतीपाशी. दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली आणि बालविधवा मुक्तिसदनात होत्या. त्या वर्षीच्या जून अखेरीस तेथे सामुदायिक प्रार्थनेचे एक विलक्षण पर्व सुरू झाले. मुली मोठमोठ्याने रडत, एकाच वेळी प्रार्थना करीत आणि आपली पापे उघडपणे कबूल करीत. ख्रिस्ती इतिहासात या घटनेला मोठे स्थान आहे. जगातील पेंटेकोस्टल चळवळीच्या आरंभाच्या चर्चेत केडगावचे नाव आदराने येते. पण दुष्काळात आईबाप मेलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीने कोणते पाप केले असेल? जिच्यावर जगाने पाप केले, तिलाच ‘मी पापी’ म्हणावयास लागावे, यातली क्रूरता दृष्टिआड करता येत नाही. तथापि, दुसरी बाजूही आहे. ज्या मुलीला पांढऱ्या पायाची, नवरा गिळणारी म्हणून मागच्या जन्मीच्या पापाचे धनी केले गेले होते, तिला येथे निदान असे पाप मिळाले जे तिने स्वतः केले होते, म्हणून जे ती स्वतः टाकू शकत होती. चोरलेली भाकर, बोललेले खोटे. मागच्या जन्माच्या पापाची कबुलीसुद्धा देता येत नाही, कारण ते कोणते हेच ठाऊक नसते. आम्ही या दोन विचारांपैकी एकाची निवड करू शकलेलो नाही.

आतापर्यंत आलेली बहुतेक नावे लिहिणाऱ्यांची आहेत. नगर जिल्ह्यात दुष्काळांच्या आगेमागे ख्रिस्ती झालेले हजारो महार-मांग काही लिहून गेले नाहीत. त्यांच्याविषयी ‘धान्यासाठी बाटले’ असे म्हणण्याची रीत आहे. मिशनऱ्यांनाही ती शंका छळत असे, कारण त्यांना हवी होती एकेकट्याची अंतरीची साक्ष, आणि समोर येत होता अख्खा महारवाडा. पोट आणि आत्मा यांची अशी वेगळी वाटणी भरल्या पोटीच सुचते. ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रात १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग विद्यार्थिनीचा निबंध छापला गेला. ती ख्रिस्ती नव्हती. पण आम्ही कोणत्या धर्माचे, हे देवाने आम्हांला सांगावे, हा तिचा प्रश्न त्या पत्राच्या पानावर छापला जाणे अर्थपूर्ण होते. तिचा ‘आम्ही’ हा साक्षीच्या ‘मी’त बसत नाही. पदमनजींपुढे पर्याय होता : हा धर्म की तो? मुक्तेपुढे तो नव्हता. तिला सोडण्यासाठी आधी एखादा धर्म असावयास हवा होता. यानंतर जवळपास शतकाने, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदूंपुरती केली, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तीत घेतले, ख्रिस्ती दलितांना नाही. धर्म बदलल्याबरोबर जात गेली, असे सरकारी कागदाने त्यांच्याविषयी मानले. गावाने तसे मानल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

राहता राहिल्या लक्ष्मीबाई टिळक, आणि आमचा हा सारा खटाटोप खरे तर त्यांच्यासाठीच होता. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेल्या या पुस्तकाला साक्षीचा साचा जवळजवळ लागूच पडत नाही. रेव्हरंड टिळकांच्या धर्मांतराची कहाणी साच्यात बसणारी आहे : आगगाडीत भेटलेला अनोळखी युरोपियन, त्याने दिलेला नवा करार, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल हे त्याचे भाकीत, आणि १० फेब्रुवारी १८९५ चा मुंबईतला बाप्तिस्मा. लक्ष्मीबाई मात्र त्या दिवशी मागे राहिल्या. १८६६ च्या कायद्याने ज्या बाईला न्यायाधीशापुढे उभे केले असते, तीच ही. टिळकांनी तो मार्ग धरला नाही, आणि लक्ष्मीबाईंनीही नवऱ्याचा आत्मा आपल्या आत्म्याचा मुखत्यार होऊ दिला नाही. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांची चूल निराळी होती, सोवळे निराळे होते. पाच वर्षे.

त्या सोवळ्याला पूर्वपीठिका आहे. सत्तावनच्या धामधुमीनंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यावयाची नाही. म्हणजे या बाईचा पहिला ‘मी’ पाण्याने घडवलेला होता. हे सारे त्या हसत सांगतात. पदमनजी आपल्या गतायुष्याला अंधार म्हणतात, रमाबाई भ्रम म्हणतात. लक्ष्मीबाईंना वडिलांचा छळ आठवतो, तरी त्या दिवसांना अंधार म्हणावेसे त्यांना वाटत नाही. विनोद हा त्यांच्या शैलीचा गुण म्हणून आपण वर्गात शिकवतो. परंतु त्यात त्यांची स्वतःविषयीची एक धारणाही आहे : कालची मी आणि आजची मी एकच, आणि दोघीही थोड्या हास्यास्पद. हा सूर साक्षीचा नव्हे. आम्हांला तो घरातल्या ओसरीवरचा, माजघरातला वाटतो. त्यांची श्रद्धा त्यामुळे उणी ठरत नाही. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेऊन पूर्ण केले, हे विसरता कामा नये.

टिळक स्वतः अखेरीस त्याच बाजूला झुकले, असे दिसते. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. आधीचा-नंतरचा ही रेघ त्यांनी स्वतःच पुसट केली. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते वारले, म्हणून या प्रयोगाचे पुढे काय झाले असते ते सांगता येत नाही.

लक्ष्मीबाईंचा पालट कसा झाला? जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता आणि एके दिवशी तो निकालात निघाला. बाग नाही, आकाशवाणी नाही. आपण बदललो याचा पुरावा त्यांनी अश्रूंत शोधला नाही. ज्याच्या हातचे पाणी आजवर चालत नव्हते, त्याच्या हातचे पाणी त्या प्यायल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. श्रीपती शेषाद्रीच्या बाबतीत धर्मसभेने जो पुरावा त्याच्याविरुद्ध धरला होता, त्याच जातीचा पुरावा या बाईने सत्तावन्न वर्षांनी स्वतःच स्वतःपुढे मांडला, आणि निकालही स्वतःच दिला.